ब्रिजिटच्या पत्राचा मायना

वर्षाराणी परळीहून दुपारच्या गाडीने माहेरी, धर्मापुरीला आली. दुकानामागच्या खोलीत शिरताच तिने पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाली, "सांगा, काय लिहायचं?"

तिचा भाऊ बद्रीनाथ गुळाच्या ढेपांकडे बघत राहिला. विठ्ठलरावांनी पानाची डबी उघडली आणि तशीच मिटली. शेवटी सुरेखाच चुलीकडच्या दारातून म्हणाली, "पत्र तर काल रातीच गेलंय, वन्सं. तुमची वाट कोन बघितलीय हितं?"

गंगासागरबाई तेलाच्या डब्यांना पाठ टेकून बसल्या होत्या. आयर्लंडातून लेक केदार गेल्याची बातमी आली त्या सकाळपासून त्यांची बसायची जागा हीच झाली होती. आपल्यात सुतक पाळत नाहीत, तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लाजेखातर दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं, आणि पुढे गल्ल्यावर त्यांचे यजमान मन्मथप्पा एकटेच बसून होते. पाठमोरे. गिऱ्हाईक वाकून आत यायचं, अप्पांना बघायचं, आणि साखर न मागताच परत जायचं.

"राती?" गंगासागरबाई म्हणाल्या. "मला कावून न्हाई सांगितलं?"

"आई, येळ कुठं होता?" बद्रीनाथ म्हणाला. "गुरुवारी विधी ठरलाय म्हणे तिकडं. काकांनी लिहून दिलं, मी फोटो काढून धाडला तिच्या फोनवर."

पत्राची गरज पडली तीच मुळी बद्रीनाथमुळे. परवा फोनवर तो केदारच्या बायकोला, ब्रिजिटला ओरडला होता, ती रडली होती, आणि कुणाचं इंग्रजी कुणाला कळलं नव्हतं. शेवटी तिने निरोप धाडला: मला फोनवर समजत नाही, तुमची काय इच्छा आहे ती लिहून पाठवा, मी तसंच करीन. केदारने तिच्याशी लग्न केलं त्याला नऊ वर्षं झाली होती. या घरातून तिला कधी एक ओळ गेली नव्हती. अप्पांनी तिचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. म्हणायची वेळ आलीच तर 'ती बाई'.

"काका, वाचू का?" वर्षाराणीने भावाचा फोन घेतला.

"वाच की. त्यात लपवायचं काय हाय?" विठ्ठलराव ताठ बसले. परळीच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. गावातला इंग्रजी अर्ज म्हटला की विठ्ठलरावांचा. त्यांच्या अर्जावर शाळेमागची विजेची डीपी बसली होती, आणि दोन जणांचा विमा सुटला होता. मन्मथप्पांच्या लहानपणापासूनचे दोस्त. जातीने वेगळे, पण घरातलेच.

वर्षाराणी परळीच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायची. एकेक ओळ इंग्रजीत पुटपुटत तिने आईसाठी मराठीत सांगायला सुरुवात केली. "विषय: मयत केदारनाथ मन्मथप्पा शेटे यांच्या अंत्यविधीबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की..."

'मयत' या शब्दापाशी गंगासागरबाईंनी डोळे मिटले. बातमी ऐकली होती, रडून झालं होतं, माणसं येऊन बसून गेली होती. पण असं नावाच्या अलीकडे लावलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"...की सदर मयताचे अंत्यविधी आपल्या धर्माप्रमाणे न करता, आमच्या धर्माच्या रूढी व परंपरेनुसारच काटेकोरपणे करण्यात यावेत. तसे न झाल्यास उद्भवणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. आपला विश्वासू, बद्रीनाथ शेटे."

"बरुबर हाय की," विठ्ठलराव म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

"दम कशाला दिला?"

"दम न्हाई, पोरी. शेवटी ते लिहावंच लागतं. त्याबिगर कागदाला वजन येत न्हाई."

सुरेखा हात पुसत आत आली होती. बोलायला ती फटकळ, आणि नवऱ्याच्या बाजूने सहसा बोलायचीच. आज मात्र ती म्हणाली, "असा कागद माझ्या दारात आला असता ना, तर मी सांगितल्याच्या उलटं केलं असतं. मुद्दाम."

"तू गप."

"गपच हाय."

बद्रीनाथच्या हातात परत जायच्या आधीच फोन वाजला. एकदा, आणि लगेच पुन्हा. वर्षाराणीने बघितलं. "तिचंच आलंय," ती म्हणाली, आणि वाचता वाचता भिंतीला धरून खाली बसली.

"काय म्हनती?"

"थांबा." तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "म्हणती, सर, तुमचं पत्र मिळालं. मला माफ करा. मी केदारला गुरुवारी आमच्या गावच्या दफनभूमीत, माझ्या आईच्या शेजारी माती देणार होते. तुमच्या धर्माचा अपमान करायचा माझा हेतू नव्हता. तुमच्या इच्छेप्रमाणे मी ते रद्द केलं आहे. कामावरच्या लोकांनी एक हिंदू पुरोहित शोधून दिला. ते म्हणाले, उशीर करू नये. म्हणून दहन उद्या सकाळीच ठरवलं आहे."

"काय ठरवलंय?" गंगासागरबाईंनी विचारलं.

"जाळायचं, आई. उद्या."

पुढे गल्ल्यावर मन्मथप्पांची पाठ हलली नाही, पण ते ऐकत आहेत हे गंगासागरबाईंना त्यांच्या मानेवरून कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचं तोंड कमी आणि मान जास्त वाचायची सवय झाली होती.

"आरं देवा," सुरेखा म्हणाली. "ती माती देनार होती. आपनच..."

"पन आपल्या लिंगायतांत माती देतात हे तिला ठाऊक न्हाई?" बद्रीनाथ म्हणाला. "नऊ वर्सं नांदली ना त्याच्यासंगं? यानं सांगितलं नसंल?"

"नांदताना कोन मातीचं बोलतंय, बद्री?" गंगासागरबाई म्हणाल्या. "तू बोललावतास का सुरेखासंगं?"

विठ्ठलरावांनी आपलं पत्र पुन्हा वाचायला लावलं. शोधत होते. शेवटी म्हणाले, "माती हा शब्द न्हाई यात."

"न्हाई, काका."

"ते लिहायचं असतं व्हय? मला काय ठाऊक न्हाई? तुमच्या घरच्या किती मातीला गेलतो मी. केदारच्या आज्याला, थोरल्या अप्पांना समाधीत बसवलं तवा त्यांच्या पाठीला आधार मी दिलता." त्यांचा आवाज बारीक झाला. "आपल्या रूढीप्रमाणं म्हटलं की झालं, आसं वाटलं. हितं धर्मापुरीत म्हटलं आसतं तर झालं आसतं."

"आमाला वाटलं, ती कुरूस लावंल, पाद्री बोलावंल," बद्रीनाथ कपाळाला हात लावून म्हणाला. "मातीची कुनाला फिकीर हुती? ती तर तिकडं बी देतातच."

वर्षाराणीने ब्रिजिटला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिकडे आत्ता सकाळ. बाई दवाखान्यात असेल, कागदावर सह्या करत असेल, नाहीतर बद्रीनाथचं नाव बघून फोन उचलायची भीती वाटत असेल.

"लिही," गंगासागरबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता लिही."

"थांब थांब, क्रमानं घेऊ," विठ्ठलरावांनी घसा साफ केला. "कालच्या आमच्या पत्राच्या संदर्भानं आपलं लक्ष वेधण्यात येतं की, सदर पत्रातील रूढी व परंपरा या शब्दांचा अर्थ..."

"भाऊजी," गंगासागरबाई हळूच म्हणाल्या, "लेकरू जळंल तवर."

विठ्ठलराव थांबले. पानाची डबी उचलून त्यांनी बंडीच्या खिशात टाकली.

वर्षाराणीने वहीचं नवं पान काढलं, वर तारीख टाकली आणि पेन उचलून धरलं. "सुरुवात काय करू? शाळेत मी पोरांना दोनच सांगते. औपचारिक आणि अनौपचारिक. नळाला पाणी नाही म्हणून ग्रामपंचायतीला लिहायचं ते एक, आणि सुट्टीत ये म्हणून मैत्रिणीला लिहायचं ते एक. हिला कुठलं? ओळखपाळख नाही म्हणावं तर भावजय आहे. भावजय म्हणावं तर तिचा आवाजसुद्धा मी परवा पहिल्यांदा ऐकला, तोही रडतानाचा. माझ्या पुस्तकात असं पत्र नाही."

"आपल्याकडं कसं लिहितात?" सुरेखा म्हणाली. "चिरंजीव सौभाग्यवती अमुक हिस, अनेक आशीर्वाद..."

ती मध्येच थांबली. गंगासागरबाईंनी अक्षरं गिरवली तीच मुळी उतारवयाकडे झुकताना, गावातल्या प्रौढ वर्गात. मायने मात्र त्यांना त्याआधीपासून पाठ होते, कारण सासऱ्यांची पत्रं दुसरं कुणी वाचून दाखवायचं आणि त्या दाराआडून ऐकायच्या. सुनेला पहिलं पत्र लिहायचं ते सौभाग्यवती म्हणून. या सुनेला पहिलं पत्र आज जात होतं, आणि आज तो शब्द लिहिता येत नव्हता.

"इंग्रजीत ते नसतंच, आई," वर्षाराणी म्हणाली. "तिथं सगळ्यांना डिअर."

"म्हंजे?"

"प्रिय. बँकेच्या साहेबाला पण डिअर, नवऱ्याला पण डिअर."

"सगळ्याला एकच?"

"एकच."

"बरं हाय मग त्याहिचं. लिही. त्याच्याम्होरं लिही, सूनबाई."

"न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.

"कावून?"

"आई, समजून घे. तोंडानं सून म्हन, सतरांदा म्हन. लेखी नगं. काका, सांगा हिला."

विठ्ठलराव खाली बघत होते. नाइलाजाने म्हणाले, "वहिनी, तो म्हनतो त्यात चूक न्हाई. आपल्या हातानं सून म्हून लिहून दिलं, म्हंजे घरानं कबूल केलं. उद्या कुनी वकील गाठून तिनं मळ्यात हिस्सा मागितला, तर हा कागद पुढं ठिवता येतो."

"मळा मागायला ती तिकडून येनार हाय?" सुरेखा नवऱ्याकडे वळली. "ऊस तोडायला कोयता बी घिऊन येईल मग. तुमी बी ना!"

"तुला कळत न्हाई त्यातलं."

"मला सून असन्यातलं कळतंय तेवढं बास हाय."

वीस वर्षांत सुरेखाने सासूची बाजू घेतलेली गंगासागरबाईंना आठवत नव्हती. पण त्याचं नवल करायलाही अंगात काही उरलं नव्हतं. त्यांना फक्त सगळं लवकर व्हायला हवं होतं. मळा कुणाचा, हिस्सा कुणाचा, कोण कुणाची कोण, हे ठरेपर्यंत तिकडची सकाळ संपली असती.

"बद्री, तुझं खरं," त्या म्हणाल्या. "सून म्हनायला लई येळ लागतोय. नाव लिही नुसतं. नाव तर तिचंच हाय ना? त्याला कुनाची हरकत न्हाई?"

कुणाची नव्हती. वर्षाराणीने लिहिलं, डिअर ब्रिजिट.

"मी केदारची आई," गंगासागरबाई सांगू लागल्या. "कालचं पत्र आमीच लिहिलं. त्यात आमचं चुकलं. आमच्या पद्धतीनं करा म्हून दटावलं, पन पद्धत काय ते सांगितलंच न्हाई. आमी जाळत न्हाई. आमी माती देतो. त्याच्या आज्याला दिली, पंज्याला दिली. त्याला जाळू नको."

वर्षाराणीचं पेन भराभरा चाललं होतं. मध्येच तिने नाक पुसलं.

"तू आदी जे ठरवलंवतंस तेच बरुबर हुतं. तेच कर. तुझ्या आईशेजारी दे."

"आई!" बद्रीनाथ उठून उभा राहिला. "त्याला हिकडं आनायचं म्हनालतो ना आपन? मळ्यात, आज्याशेजारी? आन तू सरळ कुरसाच्या गर्दीत..."

"आनायला किती दिस लागतेल?"

"लागतेल की. कागदं हायेत, परवानग्या हायेत..."

"तवर त्याला त्या बर्फात ठिवायचा?"

बद्रीनाथ पुन्हा खाली बसला.

"माती ती माती," गंगासागरबाई म्हणाल्या. "शेजारी कुनाची तरी आई हाय. बास हाय मला."

"लोक काय म्हनतेल?"

"लोकाला पत्र लिहितोय का आपन?"

सुरेखाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने लगेच पदर तोंडावर घेतला. त्याच वेळी पुढे गल्ल्यावरचे मन्मथप्पा उठले. चप्पल पायात सरकवून, शटरखालून वाकून बाहेर गेले. ओट्यावर बसले असावेत. लांब गेल्याचा आवाज आला नाही. ते रागावून गेले की ऐकवेना म्हणून गेले, हे या वेळी गंगासागरबाईंना सांगता आलं नसतं.

"अजून काही?" वर्षाराणीने विचारलं.

"त्याच्या गळ्यात लिंग आसंल..." त्या थांबल्या. "आसलं तर. आसलं तर काढू नको म्हनावं. डाव्या तळहातावर ठेव. कपाळाला विभूती लाव म्हटलं आसतं, पन तिच्याकडं कुठली."

"शेवट?"

"केदारची आई. एवढंच."

वर्षाराणीने पत्र वाचून दाखवलं. बद्रीनाथने फोटो काढला. पहिला हलला, दुसरा सुरेखाने काढला. पत्र गेलं. सगळे फोनकडे बघत बसले, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघतात तसे.

मग नुसती वाट बघणं. सुरेखाने चहा ठेवला. वर्षाराणी पोत्याला टेकून पेंगली. तिची सकाळची शाळा झाली होती, आणि उद्या पुन्हा होती. शेजारच्या जानकीबाईंनी दुखवट्याच्या भाकरी आणि पिठलं आणून दिलं. बद्रीनाथ दोनदा म्हणाला, तिनं वाचलंच नसंल. विठ्ठलराव घरी जातो म्हणाले आणि गेले नाहीत. उन्हं उतरली तेव्हा मन्मथप्पा आत आले, कुणाकडेही न बघता गल्ल्यावर बसले आणि तागडी पुसू लागले.

उत्तर आलं तेव्हा दिवेलागण झाली होती. लांबलचक होतं. वर्षाराणीने ते आधी सगळं मनात वाचलं. गंगासागरबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तोंडावरून काही कळेना.

"थांबवलंय तिने," वर्षाराणी म्हणाली. "उद्याचं थांबवलंय."

गंगासागरबाईंनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"पुढं वाच," बद्रीनाथ म्हणाला.

"म्हणती, डिअर आई. मला आई म्हणायची परवानगी आहे की नाही ठाऊक नाही, पण तुमचं नाव मला लिहिता येत नाही. बरं झालं तुम्ही सांगितलं. जाळायचं मलाही नको होतं. त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीतला दगड आहे. तो त्याने माझ्यासमोर कधी काढला नाही. अंघोळीनंतर तो डाव्या हातावर घेऊन बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, माझ्या घरचं आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तो हातावर ठेवीन."

कुणीतरी हुंदका दिला. गंगासागरबाईंना वाटलं सुरेखा. पण तो बद्रीनाथ होता.

"पुढं म्हणती, मी आज तुमच्या लोकांबद्दल वाचलं. तुम्ही माणसाला बसवून माती देता असं लिहिलंय. मी इथं विचारलं, त्याला परवानगी मिळत नाही. पेटीत आडवंच ठेवावं लागतं. हे चूक होईल का? चूक असेल तर मी अजून कुठं विचारू ते सांगा. तो रात्रपाळीवरून आला, बूटसुद्धा काढले नाहीत, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. मी चहा घेऊन वळले तेव्हा बसल्या बसल्या गेलेला होता. तुमचं उत्तर येईपर्यंत मी पेटी ठरवत नाही."

वर्षाराणीने फोन मांडीवर ठेवला.

"आडवं?" बद्रीनाथ म्हणाला. "आडवं कसं चालंल? कपिलधारच्या मठात स्वामींना इचारावं लागंल. काका?"

"मी आता काही सांगत न्हाई, बाबा," विठ्ठलराव म्हणाले.

सगळ्यांनी गंगासागरबाईंकडे बघितलं. दुपारी सगळं सांगितलं ते त्यांनीच. पण हे त्यांना सांगवेना. माती की आग, हे त्यांना ठाऊक होतं. हे नव्हतं. घरातला कुणीच आजवर आडवा गेला नव्हता. सासऱ्यांना बसवलेलं त्यांनी लांबून बघितलं होतं. बेलाच्या पानांत कमरेएवढे बुडालेले, जणू आत्ता काही बोलतील. आणि केदार एका पेटीत, उताणा, वर झाकण. त्यांनी डोकं हलवलं. हो म्हणून की नाही म्हणून, कुणालाच कळलं नाही.

"बसूनच गेलाय की त्यो."

मन्मथप्पा गल्ल्यावरून उठून दारात आले होते. तागडी पुसायचं फडकं हातात तसंच होतं. चार दिवसांत घरातल्या कुणी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. तो घोगरा झाला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

"रातभर काम करून आला. बसला आन गेला. ज्याला बसवायचं त्यो बसून गेलाय. आता निजू द्या त्याला. लई दमला आसंल."

"अप्पा, पन स्वामींना..."

"स्वामींना मी सांगन." ते वर्षाराणीकडे वळले. "तिला लिही. चूक व्हत न्हाई म्हनावं. आडवं ठिव. आन बूट काढ म्हनावं त्याचे."

वर्षाराणीने पान उलटलं. तिने जे लिहिलं ते चार ओळींचं होतं. अप्पा उभेच होते. गंगासागरबाई त्यांच्याकडे बघत होत्या; कधी नव्हे ते त्यांचं तोंड दिसत होतं.

"झालं," वर्षाराणी म्हणाली, आणि मग पेन तसंच धरून थांबली. "अप्पा, खाली कुणाचं नाव टाकू? हे आईने नाही सांगितलं, तुम्ही सांगितलं."

"माझं टाक."

"तसं नाही. केदारचे वडील असं लिहू, की नुसतंच वडील? केदारचे लिहिलं तर तुम्ही त्याचेच. नुसतंच लिहिलं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. बद्रीनाथने मान वर केली.

मन्मथप्पांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. दाराच्या चौकटीला धरून ते आधी एक पाय दुमडून, मग दुसरा, हळूहळू खाली बसले, गंगासागरबाईंच्या शेजारी, तेलाच्या डब्यांना पाठ टेकून.

"नुसतंच," ते म्हणाले.